माउंट ज्याचं, फोटोग्राफर त्याचा

कॅननच्या बाजारात आलेल्या पहिल्या कॅमेऱ्याला लेन्स निकॉनवाल्यांची होती. ‘निकॉन भारी की कॅनन’ यावर निम्मं आयुष्य भांडण्यात घालवलेल्या माणसांना हे सांगितलं की ती क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, “बघ, मी काय म्हणत होतो!” दोन्ही पक्षांची माणसं हेच म्हणतात.

१९३३ साली टोकियोत गोरो योशिदा आणि साबुरो उचिदा यांनी जर्मन लायकाच्या तोडीचा कॅमेरा जपानात करायचा म्हणून एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या नमुन्याच्या कॅमेऱ्याची जाहिरात केली. त्याचं नाव ‘क्वानॉन’, बौद्धांच्या करुणेच्या देवतेवरून ठेवलेलं. आपल्याकडचा अवलोकितेश्वर तो हाच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरून उभा आहे. नाव झकास, बॉडीही जमत आली होती, पण लेन्स घासणं हे येरागबाळ्याचं काम नाही. ते काम जाणणारी कंपनी टोकियोतच होती: १९१७ साली स्थापन झालेली, दुर्बिणी आणि लष्करासाठी काचेची उपकरणं बनवणारी निप्पोन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन. १९३६ साली ‘हान्सा कॅनन’ विक्रीला आला तेव्हा त्यावरची ५० मिलिमीटरची निक्कोर लेन्स निप्पोन कोगाकूची होतीच. शिवाय लेन्स जिथं बसते ते माउंट आणि रेंजफाइंडरची यंत्रणाही त्यांचीच होती.

माउंट म्हणजे बॉडीच्या तोंडावरचं धातूचं कडं, ज्यात लेन्स फिरवून अडकवायची. ब्रँडचा वाद म्हणून आम्ही धंद्यातली माणसं इतकी वर्षं जे भांडलो, ते खरं तर या कड्यावरून भांडलो, असं माझं म्हणणं आहे. फोटो कुणाचा चांगला हा प्रश्न त्यात तोंडी लावण्यापुरता होता.

माझा धंदा कोल्हापुरात लग्नांचे फोटो काढायचा. आबांनी स्टुडिओ काढला, मी चालवला, आता मुलगी चालवते. या गावाला कॅमेऱ्याचा अभिमान जरा जास्तच, आणि त्याला कारणही आहे. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणायची ऐपत नव्हती तेव्हा बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो इथंच घडवला. १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२० साली ‘सैरंध्री’ आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. त्या कॅमेऱ्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं, त्यामुळं त्याच्यावरून कुणी भांडलं नाही.

भांडणं तशी आबांच्या काळातही नव्हती. स्टुडिओत लाकडी स्टँडवरचा पडदेवाला कॅमेरा आणि लग्नाला याशिका मॅट. एकशेवीसचा रोल, बारा फोटो, वरून भिंगातून खाली मान घालून बघायचं. याशिका मॅटची लेन्स कॅमेऱ्यालाच पक्की बसवलेली असते, ती निघत नाही. माउंटच नाही, तर वाद कशाचा? ज्याच्याकडे रोलीफ्लेक्स असे तो जरा छाती काढून चाले एवढंच. होमाई व्यारावालांनी त्याच जातीच्या कॅमेऱ्यानं आणि स्पीड ग्राफिकनं दिल्लीत नेहरूंचे फोटो काढले होते. त्यांची छाती काढायची गोष्ट वेगळी. त्यांचं काम तसं होतं.

शिवाय निवड करायला माल तरी कुठं होता! परदेशी कॅमेऱ्याच्या आयातीवर बंधनं आणि वर भरमसाट जकात. कुणाचा मेहुणा आखातातून यायचा असला की त्याला चिठ्ठी जायची. नाहीतर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी व्हीटीला उतरायचं आणि चालत बोराबाजार गाठायचा. तिथं दुकानदार जे काउंटरखालून काढेल तो आपला ब्रँड. बिल मागायचं नाही, गॅरंटी विचारायची नाही. कोल्हापूरच्या फोटोग्राफरांत कोण निकॉनवाला झाला आणि कोण कॅननवाला, हे पुष्कळ वेळा त्या सकाळी काउंटरखाली काय पडलेलं होतं यावर ठरलं.

निकॉनचं नाव आधी झालं ते मात्र जाहिरातीनं नव्हे. १९५० साली ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी नावाच्या जपानी छायाचित्रकारानं ८५ मिलिमीटरच्या निक्कोर लेन्सनं त्याचा सहज एक फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. डंकन ती धार बघून चक्रावला, निप्पोन कोगाकूच्या कारखान्यात गेला, लेन्स तपासून घेतल्या आणि आपल्या लायकावर चढवल्या. पाठोपाठ कोरियाचं युद्ध पेटलं. तिथून गेलेले फोटो न्यूयॉर्कमध्ये बघून संपादक विचारायला लागले, ही काच कुणाची? तोवर जपानी माल म्हणजे स्वस्तातली खेळणी असा अमेरिकेत समज होता. यातही बघा, डंकननं कॅमेरा बदलला नाही. लायकाच्या माउंटला बसतील अशा लेन्स निकॉन करत होती म्हणून हे झालं.

मग आलं १९५९. मे महिन्यात कॅननचा कॅननफ्लेक्स आला, जूनमध्ये निकॉनचा एफ. दोन्ही एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलंच चित्र दाखवणारे. कॅननफ्लेक्स आज कुणाला आठवत नाही. निकॉन एफ मात्र वार्ताहरांच्या गळ्यात व्हिएतनामपर्यंत पोचला, कारण त्याच्याबरोबर लेन्स, व्ह्यूफाइंडर, मोटर असा सगळा संसार मिळत होता. त्याच्या तोंडावरचं ४४ मिलिमीटरचं कडं, एफ माउंट, कंपनीनं पुढची साठ वर्षं सोडलं नाही. कॅननचं उलट. १९५९ चं आर माउंट, १९६४ चं एफएल, १९७१ चं एफडी. त्यातल्या त्यात जुन्याला सांभाळून घेत, पण बदलत.

एफडीपर्यंत दोघांचं सारखं सारखं चाललं होतं. आमच्याकडं ऐंशीच्या दशकात निकॉनचा एफएम-२ हा लग्नवाल्यांचा लाडका. सेल संपला तरी शटर चालतं. फक्त मीटर बंद पडतो, आणि मीटर हवाय कुणाला, मांडवातला उजेड आम्हाला पाठ असायचा. कॅननवाल्यांचा एई-१, आत छोटा संगणक असलेला. आम्ही त्यांना ‘सेलवाले’ म्हणायचो, ते आम्हाला ‘लोहार’. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच शाहू स्टेडियमवर लागली की पेठापेठांत जे वातावरण होतं, तेच दर महिन्याला लॅबच्या बाकावर प्रिंटची वाट बघताना असायचं. पक्ष जन्मानं ठरलेला आणि रेफ्री कुणाचाच नाही.

१९८५ साली मिनोल्टानं ७००० हा कॅमेरा आणला. बटण अर्धं दाबलं की लेन्स आपोआप फोकस होते. झोप उडाली सगळ्यांची. निकॉननं मोटर बॉडीत घातली आणि एका दांडीनं ती लेन्सला फिरवेल अशी सोय केली. माउंट तेच ठेवलं. कॅननवाल्यांनी मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५० काढला आणि एफडी माउंट टाकून दिलं. नवं ईएफ माउंट आतून ५४ मिलिमीटर रुंद, मोटर प्रत्येक लेन्सच्या पोटात, बॉडी आणि लेन्समध्ये एकही दांडी नाही की तरफ नाही, नुसते विजेचे कॉन्टॅक्ट. जुनी एफडी लेन्स नव्या बॉडीला नीट बसेचना. नुसतं कडं बदलून अडॉप्टर करावा, तर मापं आडवी येत होती: एफडी लेन्सला फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायचं असतं आणि नव्या बॉडीत ते अंतर ४४ झालेलं. त्यामुळं मधे जादा काच घातल्याशिवाय लांबचा फोकस लागतच नाही.

ज्यांनी आयुष्याची कमाई एफडी लेन्समध्ये घातली होती त्यांचा काय जळफळाट झाला असेल! रंकाळ्याकडच्या माझ्या एका मित्राकडं एफडीच्या चार उत्तम लेन्स होत्या. त्याला ही बातमी उशिरा, बोराबाजारातल्या पडलेल्या भावावरून कळली. “भावा, ह्यांनी तर आपल्या पायाखालची सतरंजीच ओढली की,” म्हणाला. पुढं तो निकॉनला आला, आणि आमच्या बाकावर निकॉनचा पक्ष एकानं वाढला.

मी निकॉनवाला, तरी माझा निवाडा असा, की १९८७ चा कॅननचा निर्णय हा या धंद्याच्या इतिहासातला सर्वांत धाडसी आणि बरोबर निर्णय होता. तो बरोबर का, याचं उत्तर मला खासबागेत मिळालं. शाहू महाराजांच्या काळातलं ते मैदान. हौदा मधे, खाली, आणि लोक चहूबाजूंनी. मोठ्या जोडीची कुस्ती लागते तेव्हा ऊन कललेलं असतं. पैलवान अर्धा तास नुसते खडाखडी करतात आणि ढाक बसते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. निकॉनची मोटर बॉडीतून दांडीनं ती जड टेलिफोटो लेन्स कण्हत कुथत फिरवायची, तोवर एकाची पाठ लागून हलगीसुद्धा वाजायची थांबलेली असे. शेजारी पुण्याहून आलेला एक वार्ताहर कॅननची पांढरी ३०० मिलिमीटर घेऊन बसायचा. त्या लेन्सची मोटर तिच्याच पोटात, तिच्या अंगाला बेतलेली, आवाजच नाही. ऑलिंपिकच्या मैदानाकडेला ज्या पांढऱ्या लेन्सच्या रांगा टीव्हीवर दिसायच्या त्यामागं हेच होतं. त्या पांढऱ्या का, तर आतली फ्लोराइटची भिंगं उन्हानं तापून प्रसरण पावू नयेत म्हणून. दिसायला रुबाबदार, हा वरचा फायदा. निकॉननंही शेवटी १९९२ पासून लेन्सच्या पोटात मोटर घालायला सुरुवात केली. म्हणजे कॅननचं म्हणणं पटलं, फक्त कडं न बदलता पटलं.

लग्नात मात्र अशी घाई नसते, असं बाहेरच्यांना वाटतं. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण किती? आणि त्यात तुमची लेन्स अडली, तर शेजारच्या हॉलमध्ये काम करणाऱ्याकडून उसनी आणायची. इथं ब्रँड ठरतो. निकॉनची लेन्स चढवताना डावीकडं फिरवायची, कॅननची उजवीकडं. झूमचं कडंही दोघांचं उलट. हाताला एक सवय लागली की दुसरा कॅमेरा हातात धरवत नाही. त्यामुळं एकेका पेठेत एकेक ब्रँड तयार झाला. कागल, मुरगूडकडं सगळे कॅननवाले, कारण तिथल्या पहिल्या चांगल्या फोटोग्राफरकडं कॅनन होता आणि बाकीचे त्याच्या हाताखाली शिकले.

डिजिटल आलं तेव्हा वाटलं होतं, आता पाटी कोरी होईल. झालं उलटंच. कोडॅकनं १९९१ साली धंदेवाइकांसाठी जो पहिला डिजिटल कॅमेरा विकला तो निकॉनच्या एफ-३ बॉडीवर बसवलेला होता. चित्र साठवायचा डबा वेगळा, खांद्याला अडकवायचा. १९९९ साली निकॉनचा डी-१ आला, पावणेतीन मेगापिक्सेलचा. आज फोनमध्येही याच्या कितीतरी पट असतात. पण वर्तमानपत्रांनी तो घेतला, कारण कपाटातल्या जुन्या निक्कोर लेन्स त्याला लागत होत्या. मग कॅननचा १-डीएस २००२ मध्ये, ११ मेगापिक्सेलचा आणि फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा. ते रुंद ईएफ कडं आता उपयोगी पडायला लागलं होतं. २००५ साली आलेल्या फाइव्ह-डीनं तोच मोठा सेन्सर लहान बॉडीत आणला आणि लग्नवाल्यांची एक अख्खी पिढी कॅननकडं गेली. तोवर कॅनन कंपनी १९९७ पासून भारतात उघड माल विकत होती आणि निकॉनची भारतातली कंपनी निघाली २००७ साली. ही दहा वर्षं निकॉनवाल्यांना दुरुस्तीसाठी कुठंकुठं हिंडावं लागलं ते आम्हीच जाणतो.

बाकावरचे मुद्दे आता बदलले. ‘कॅननचा स्किन टोन’ हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. कॅनन गोरा दाखवतो, निकॉन पिवळा, असं नवरीच्या आईलासुद्धा माहीत झालं होतं. यात तथ्य किती? थोडं होतं. दोन्ही कंपन्या जेपीजी शिजवताना रंग वेगळे लावत. पण आमच्या मांडवात व्हिडिओवाल्याची सन गन, तिचा केशरी उजेड. आमचा फ्लॅश, त्याचा निळसर. छताला ट्यूबलाइट, तिचा हिरवट. नवरीच्या अंगाला हळद, कपाळाला मळवट, अंगावर लाल शालू. लाल रंग सेन्सरवर आधी भरून वाहतो आणि शालूची जर सपाट होऊन जाते, मग बॉडी कुणाचीही असो. ज्यांना व्हाइट बॅलन्स हातानं लावता येत होता त्यांचे रंग दोन्हीत चांगले येत. ज्यांना येत नव्हता ते ब्रँडवर बोलत. तसंही करिझ्मा अल्बम करणारा मुलगा शेवटी सगळ्यांना एकाच शेडचं गोरं करून टाकायचा, हा भाग वेगळा.

‘निकॉनची कुठलीही लेन्स कुठल्याही निकॉनला लागते’ हा आमच्या पक्षाचा हुकमी पत्ता. तोही पुरा खरा नाही. लागते, पण २००६ च्या डी-४० मध्ये आणि त्याच्या पुढच्या स्वस्त भावंडांत मोटरच नाही, म्हणून जुन्या दांडीवाल्या लेन्सचा फोकस त्यावर हातानंच करावा लागतो. कितीतरी पोरांनी हौसेनं सेकंड हँड ५० मिलिमीटर घेतली आणि ‘लेन्स बिघडलीय’ म्हणून माझ्याकडं आणली.

२००७ साली निकॉनचा डी-३ आला आणि अंधारात बघायला लागला. आयएसओ ६४०० ला काढलेला फोटो छापता यायचा. देवळात फ्लॅश बंद ठेवून, समईच्या उजेडात. पुढच्या वर्षी तोच सेन्सर डी-७०० मध्ये. आम्ही बाकावर मान ताठ करून बसलो, पण फार दिवस नाही: त्याच २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. त्यात फुल एचडी व्हिडिओ होता, आणि लग्नात ‘सिनेमॅटिक’ नावाचं जे प्रकरण सुरू झालं ते त्यामुळंच. व्हिडिओवाले सन गन टाकून कॅननवाले झाले. मांडवातला तो भट्टीसारखा उजेड गेला, याबद्दल कॅननचे उपकार सगळ्या नवऱ्यामुलींनी मानायला हवेत.

सोनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो वाद अजून ताजा आहे आणि मी त्यात पक्षकार नाही. ऑटोफोकस पहिल्यांदा बाजारात यशस्वी करणारी मिनोल्टा पेटंटच्या खटल्यात अमेरिकन हनीवेलकडून हरली, पुढं कोनिकात विलीन झाली आणि २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून उठली. तिचा वारसा सोनीनं घेतला. २०१३ चा आरसा नसलेला ए-७, मग डोळ्यावर फोकस धरून बसणारी पुढची मॉडेलं. निकॉन आणि कॅनन दोघांनाही २०१८ साली आरसा काढून नवी माउंट आणावी लागली. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेनं २०२० साली आपला सगळा ताफा सोनीचा केला. शिवाय निकॉनच्या डी-८०० चा सेन्सर सोनीच्याच कारखान्यातला होता. बाकावर कुणी शपथ घालून ब्रँडचं नाव घ्यायला लागलं की मी हे सांगतो.

या नव्या कॅमेऱ्यांत आरसा नाही, म्हणून कडं सेन्सरच्या अगदी जवळ आलं. सोनीत १८ मिलिमीटरवर. त्यामुळं मधे साधी धातूची नळी घातली की जुनी कुठलीही लेन्स बसते. रंकाळ्याकडच्या मित्राच्या त्या टाकून दिलेल्या एफडी लेन्स, बल्ब लावलेल्या कपाटात बुरशीपासून जपलेल्या, आता माझी मुलगी आपल्या सोनीवर लावते. त्यानं भाडं मागितलं होतं. मी दिलं नाही.

खंडेनवमीला स्टुडिओत सगळे कॅमेरे मांडून पूजा करतो तेव्हा शिकाऊ पोरं हमखास विचारतात, “काका, नवीन घ्यायचाय, कुठला घेऊ?” त्यांना जे सांगतो तेच इथं सांगतो. आधी आपल्या तालुक्यात रात्री अकराला फोन केला तर लेन्स देणारी माणसं कोण, आणि त्यांचं माउंट कुठलं ते बघा. बिघडला तर दुरुस्त कुठं होतो आणि किती दिवसांत, ते विचारा. पैशाचा मोठा वाटा लेन्सवर घाला. बॉडी सेकंड हँड चालेल, पण दोन घ्या, आणि दोन्ही एकाच माउंटच्या घ्या.